ठाणं पायी पाहायचं तर: शिलाहारांच्या जुन्या राजधानीतला एक दिवस, आणि हवा तर आणखी एक

ठाण्यात येऊन ठाणं न पाहता परत जाणं फार सोपं आहे. लोक स्टेशनावर उतरतात, रिक्षा पकडतात, घोडबंदर रस्त्यावरच्या नातेवाइकांकडे जेवतात, एखादा मॉल फिरतात आणि रात्री म्हणतात, 'काय आहे ठाण्यात पाहण्यासारखं?' त्यांनी पाहिलेला भाग गेल्या तीस-चाळीस वर्षांतला. ठाणे गाव स्टेशनच्या पश्चिमेला दीड किलोमीटरच्या आत आहे आणि ते पायीच पाहावं लागतं. घोडबंदरला घर घेऊन दहा वर्षं झाली तरी कोर्ट नाक्याच्या पुढे कधी न गेलेल्यांसाठीही हा लेख आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं जागेवर बसेल. हे गाव मुंबईच्या आधीचं आहे. उत्तर कोकणावर शिलाहारांनी नवव्या शतकाच्या सुरुवातीपासून तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत राज्य केलं. त्यांच्या लेखांत राजधानी म्हणून दोन नावं येतात, पुरी आणि श्रीस्थानक. पुरी नेमकी कुठे होती यावर अभ्यासकांचं एकमत नाही. श्रीस्थानक मात्र हेच. 'स्थानक'चं 'ठाणं' झालं. शेवटचा राजा सोमेश्वर यादव राजा महादेव याच्याशी समुद्रावर लढताना बुडाला आणि राजधानीपण संपलं. पुढे सुलतानांचे अधिकारी, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज आले. सत्ता कुणाचीही असो, कारभाराची जागा इथेच राहिली आणि आजही जिल्ह्याची कचेरी इथेच आहे. म्हणून ठाणं पाहताना एकेक इमारत सुटी पाहण्यापेक्षा देऊळ, तलाव, बाजार, कचेरी आणि किल्ला एकमेकांना कसे चिकटून आहेत ते पाहावं. राजधानीचं गाव असंच वसतं.

कधी आणि कसं यायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सर्वांत चांगले. मार्च ते मे यायचं असेल तर सकाळी सातला चालायला लागा. खाडीकाठची दमट हवा असल्यामुळे दहानंतर अंगातलं त्राण जातं. जून ते सप्टेंबर तलाव सुंदर दिसतात, पण मोठ्या पावसात वंदना टॉकीजचा परिसर आणि गावातले काही सखल रस्ते पाण्याखाली जातात. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी लवकर ओसरत नाही. असा इशारा असेल त्या दिवशी येऊच नका, कारण रेल्वेही त्याच दिवशी रडते.

वार निवडताना थोडा विचार करा. रविवारी रस्ते मोकळे असतात, पण कचेऱ्यांचा भाग निर्जीव वाटतो. शिवाय मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, तेव्हा आदल्या दिवशीच वेळापत्रक बघून ठेवा. कामाच्या दिवशी आलात तर गाव खरं दिसतं, मात्र स्टेशनची गर्दी सोसावी लागते. आमच्या मते शनिवारची सकाळ उत्तम. दुसरा आणि चौथा शनिवार सोडून यावं, त्या दिवशी बँकांना सुट्टी असते आणि कोर्ट नाक्यावरची वर्दळही कमी होते. फक्त सिनेगॉग पाहायचं असेल तर शनिवार चालत नाही, त्याबद्दल पुढे येईलच.

मुंबईहून येणाऱ्यांना सीएसएमटीहून ३४ किलोमीटर पडतात. जलद लोकलने पाऊण तास, धिम्या लोकलने तासाभराच्या आसपास. सगळ्या जलद गाड्या ठाण्याला थांबतात. वाशी, नेरूळ, पनवेलहून ट्रान्स हार्बरची लोकल थेट ठाण्याला येते आणि नऊ किंवा दहा नंबरच्या फलाटावर लागते. हे फलाट पूर्वेच्या अंगाला आहेत. इथेच पहिली चूक होते. गर्दी जिकडे लोटते तिकडे माणूस जातो आणि कोपरीत, म्हणजे ठाणे पूर्वेला उतरतो. तुम्हाला एक नंबर फलाटाच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला यायचं आहे. पूल चढून शेवटपर्यंत चाला आणि 'पश्चिम' अशी पाटी बघूनच उतरा.

एसटीने येणाऱ्यांनी गाडी खोपटला थांबते की वंदनाला, हे वाहकाला आधीच विचारून ठेवावं. दोन्ही ठिकाणांहून गावात यायला रिक्षाला थोडाच वेळ लागतो. स्वतःची गाडी शक्यतो आणू नका. आणलीच तर गावदेवी मैदानाखालच्या भूमिगत वाहनतळात लावा आणि दिवसभर विसरून जा. जांभळी नाक्याच्या रस्त्यांवर जागा शोधण्यात अर्धी सकाळ जाते आणि शेवटी टोइंगवाले गाडी उचलून नेतात.

मुक्काम करायचा असेल तर एक गोष्ट तपासा. हॉटेल 'ठाणे पश्चिम' म्हणून दाखवलेलं असतं आणि प्रत्यक्षात ते घोडबंदर रस्त्यावर, स्टेशनपासून आठ-दहा किलोमीटरवर निघतं. संध्याकाळच्या वाहतुकीत तेवढ्याला तासही लागतो. नौपाडा, पाचपाखाडी किंवा स्टेशनजवळची जागा घ्या.

सोबत पाण्याची बाटली, टोपी, सुटे पैसे, ओळखपत्र आणि सहज काढता येतील अशा चपला आणा. देवळापाशी नाड्यांचे बूट सोडत बसण्यात वेळ जातो.

स्टेशनातच थोडं थांबा

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून निघालेली हिंदुस्थानातली पहिली प्रवासी आगगाडी इथे आली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. हे ठाणेकरांना पाठ असतं. पण गाडी ठाण्यापर्यंतच का आली, हे फारसं कुणी विचारत नाही. ठाणं जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं हे एक कारण, आणि पुढे खाडी आडवी होती हे दुसरं. खाडीवरून रूळ नेऊन गाडी कल्याणला पोहोचायला १ मे १८५४ उजाडला. या रेल्वेने चेंदणी कोळीवाड्याचे मात्र दोन भाग केले. आजही कोळीवाडा रुळांच्या दोन्ही अंगांना आहे.

पश्चिमेला बाहेर पडलात की डोक्यावर सॅटिसचा, म्हणजे स्टेशन परिसरातली वाहतूक सुधारण्याच्या योजनेतला पूल असतो. टीएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या बस त्याच्यावरून सुटतात, रिक्षा खालून. आज दोन्हींची गरज नाही. 'तलावपाळी' म्हणाल तर एवढ्याशा अंतराला रिक्षावाला नाही म्हणेल, आणि त्याचं बरोबरच आहे. जांभळी नाका पायी दहा मिनिटांवर आहे. अशोक टॉकीजच्या बाजूने सुभाष पथ धरा आणि सरळ चाला. वाट चुकली असं वाटलं तर 'जांभळी नाका कुठे?' एवढंच विचारा. नकाशापेक्षा हे बरं, कारण बाजारातल्या बोळांत नकाशातला निळा ठिपका इकडेतिकडे उड्या मारतो.

जांभळी नाका आणि कौपिनेश्वर

सकाळी साडेसात ते नऊ ही इथली वेळ. भाजी उतरलेली असते, फुलवाल्यांच्या टोपल्या भरलेल्या असतात आणि किराण्याची दुकानं उघडत असतात. नऊनंतर हातगाड्या, टेम्पो आणि दुचाक्या मिळून रस्ता भरून टाकतात. खरेदी करायची असेल तर ती परतीच्या वेळी. आत्ता हात मोकळे ठेवा.

बाजाराच्या टोकाला कौपिनेश्वराचं आवार आहे. ठाण्याचं हे ग्रामदैवत. देवस्थान शिलाहारकालीन मानलं जातं. आज दिसणारं बांधकाम मात्र पेशवाईतलं, १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी केलेल्या जीर्णोद्धाराचं. आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. मोठ्या पिंडी पाहिलेला माणूसही इथली पिंड पाहून थबकतो. ती चार फुटांहून उंच आहे आणि तिचा घेर दोन माणसांच्या कवेत जेमतेम मावेल. पिंडीचा आकार आणि भोवतीच्या देवळाचं वय यांत मेळ बसत नाही, हे तिथे उभं राहिलं की जाणवतं. आवारात राम, मारुती, शीतलादेवी अशी इतर देवळंही आहेत. सगळं मिळून अर्धा तास पुरतो.

सोमवारी रांग असते. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला तर ती बाजारापर्यंत येते, तेव्हा नुसतं देऊळ पाहायला जाऊ नये. गुढीपाडव्याच्या सकाळी निघणाऱ्या नववर्ष स्वागतयात्रेचा कारभार या देवळाच्या न्यासाकडे असतो. ती पाहायची तर सातच्या आत तलावपाळीवर जागा धरायला हवी. गाभाऱ्यात फोटो काढू नका. बाहेरही आधी विचारावं.

लोक विचारतात, राजधानी होती तर मग शिल्पं, राजवाडा, कोट कुठे गेले? उत्तर सोपं आहे. गाव कधी उजाड पडलंच नाही. प्रत्येक सत्तेने आधीचा दगड पुढच्या बांधकामात वापरला. जी गावं ओस पडतात त्यांचे अवशेष राहतात, नांदत्या गावाचे राहत नाहीत. ठाण्यात जुनं काही मिळतं ते खोदताना. १७८७ साली किल्ल्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला. तो शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७ चा. त्यात गावाच्या दानाची माहिती देताना स्थानकाच्या नागरिकांना उद्देशून लिहिलेलं आहे. हजार वर्षांपूर्वी ज्यांना राजा 'नगरवासी' म्हणून कळवत होता, त्यांचं नगर म्हणजे तुम्ही उभे आहात तीच जागा.

तलावपाळी

देवळातून बाहेर पडलं की समोर मसुंदा तलाव. ठाणेकर त्याला तलावपाळीच म्हणतात. पाळ म्हणजे तलावाचा बांध. तलाव पूर्वी आजच्यापेक्षा बराच मोठा होता, भराव टाकत टाकत रस्ते आणि इमारती आल्या. ठाण्यात एके काळी साठेक तलाव होते असं सांगतात, आज त्यांतले निम्म्याच्या आसपास उरले आहेत. सगळे पाहण्याच्या फंदात पडू नका. हा एक सावकाश पाहिला आणि संध्याकाळी कचराळी पाहिला तरी पुष्कळ.

तलावाला एक पूर्ण फेरी मारा. रमतगमत पंधरा-वीस मिनिटं लागतात. सकाळी फिरायला येणारे असतात, त्यांच्या चालण्याच्या दिशेनेच चाला. चिंतामणी चौकाकडची बाजू गजबजलेली, गडकरी रंगायतनकडची त्या मानाने शांत. बसायचं तर तिकडे. नौकाविहार सहसा संध्याकाळी रंगतो. लहान मुलं सोबत असतील तर संध्याकाळी परत यावं लागणार हे धरूनच चाला. दिवाळीच्या पहाटे इथे आणि राम मारुती रस्त्यावर तरुणांची इतकी गर्दी लोटते की पाय ठेवायला जागा नसते. ज्याला उत्साह पाहायचा आहे त्याने तेव्हा यावं, ज्याला तलाव पाहायचा आहे त्याने दुसऱ्या दिवशी.

तलावाजवळच सेंट जॉन बाप्टिस्टचं चर्च आहे. या परंपरेचा धागा पोर्तुगीज काळापर्यंत जातो. ठाण्याचं ख्रिस्ती जगातलं नाव मात्र त्याहून जुनं. १३२१ मध्ये फ्रान्सिस्कन पंथाचे चार साधू ठाण्यात मारले गेले. नंतर ओडोरिक नावाच्या इटालियन प्रवाशाने त्यांच्या अस्थी इथून चीनपर्यंत नेल्या आणि ती हकीकत लिहून ठेवली. त्याच्या आधी मार्को पोलोने 'ताना'च्या राज्याबद्दल लिहिलं होतं, इथलं कातडं, कापड आणि समुद्रावरचे चाचे यांच्याबद्दल. मुंबईचं नाव जगाला ठाऊक होण्याआधी ठाण्याचं होतं, ते या बंदरामुळे. चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना चालू असताना फक्त पाहण्यासाठी आत शिरू नका. इतर दिवशी दार उघडं असेल तर मागच्या बाकावर शांतपणे बसता येतं.

टेंभी नाका

तलावपाळीपासून टेंभी नाक्याला सात-आठ मिनिटं. एवढ्याशा पट्ट्यात किती धर्मांची माणसं शेजारी शेजारी राहिली हे इथे कळतं. पारशांची जुनी अग्यारी इथे आहे. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही, तेव्हा दरवाजात रेंगाळून रखवालदाराला अवघडून टाकू नये. रस्त्यावरून पाहा आणि पुढे जा.

सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्यावर बेने इस्रायली समाजाचं सिनेगॉग आहे, शार हाशमाईम, म्हणजे स्वर्गाचं दार. स्थापना १८७९. हा समाज मराठी बोलतो. कोकणात त्यांचा पूर्वापार धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावंही गावांवरूनच, पेणकर, रोहेकर, चेऊलकर अशी. भारतात उरलेल्या या समाजाची सर्वांत मोठी वस्ती आज ठाण्यातच आहे. पाहायला जायचं तर शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ आणि त्यांचे सणाचे दिवस टाळा. सुरक्षेमुळे आयत्या वेळी आत सोडतीलच असं नाही. ओळखपत्र दाखवून, विचारून जावं. पुरुषांनी डोकं झाकायला टोपी किंवा रुमाल ठेवावा. 'नाही' म्हटलं तर वाद घालू नये.

नवरात्रात टेंभी नाक्याची देवी बसते. आनंद दिघे यांनी सुरू केलेला हा उत्सव आता सगळ्या जिल्ह्याचा झाला आहे. त्या नऊ दिवसांत संध्याकाळी हा भाग वाहनांना जवळपास बंदच असतो. दहीहंडीच्या दिवशीही तेच. हे दिवस सोडून आलात तर रस्ता सकाळी अगदी निवांत मिळतो.

कोर्ट नाका आणि किल्ला

टेंभी नाक्याहून पाच-सात मिनिटांत कोर्ट नाका. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा, जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा न्यायालय. ठाण्याचा स्वभाव कळायला यासारखी दुसरी जागा नाही. मुद्रांक विक्रेते, टायपिंगवाले, काळ्या कोटातले वकील, हातात प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा धरून बसलेला शहापूरचा शेतकरी. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधी तलासरी-मोखाड्याचा माणूसही एका सहीसाठी इथवर यायचा. पहाटे निघून दुपारी पोहोचायचा आणि साहेब दौऱ्यावर असला की मुक्काम पडायचा. आसपासच्या जुन्या खाणावळी आणि चहाची दुकानं त्या माणसांवर उभी राहिली. कामाच्या दिवशी साडेदहा-अकराला इथे कोपऱ्यात उभं राहून एक चहा घ्या. कचेरीचं छायाचित्र काढायला जाऊ नका, लोक आपापल्या अडचणी घेऊन आलेले असतात.

इथून जवळच ठाण्याचा किल्ला. नकाशावर 'किल्ला' शोधून उत्साहाने जाणारे हमखास निराश होतात, कारण तिथे उभं आहे मध्यवर्ती कारागृह. आत जाता येत नाही. बाहेरची भिंत आणि बुरुज रस्त्यावरून दिसतात, तेवढंच. भिंतीचा, फाटकाचा किंवा पहारेकऱ्याचा फोटो काढू नका. मोबाइल ताब्यात घेतील आणि सकाळ चौकशीत जाईल.

तरीही इथे यावं, कारण या भिंतीमागे फार मोठा इतिहास आहे. किल्ला बांधायला घेतला पोर्तुगीजांनी. तो पुरा होण्याआधीच, १७३७ मध्ये, चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि ठाणं ज्यावर आहे ते साष्टी बेट पोर्तुगीजांच्या हातून गेलं. १७७४ च्या डिसेंबराच्या अखेरीस इंग्रजांनी हल्ला करून तो जिंकला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे इथे कैदेत होते. १८१६ च्या सप्टेंबरात ते इथून निसटले. मोतद्दाराने घोडा खरारा करताना गाण्यातून त्यांना बेत कळवला असं सांगतात. पुढे किल्ल्याचा तुरुंग झाला. आदिवासींचं बंड उभारणारे राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी इथे फाशी झाली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फासावर चढवलं गेलं. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचे होते. मुलांना घेऊन आलात तर भिंतीसमोर दोन मिनिटं थांबून एवढं जरूर सांगा.

न्याहारी आणि तिचा क्रम

कोर्ट नाक्याहून स्टेशनच्या दिशेने परत येताना मामलेदार कचेरी लागते आणि तिच्याच नावाने ओळखली जाणारी मिसळ. म्हणून तर फेरी या दिशेने घ्यायची. आधी मिसळ खाऊन चालायला निघालेला माणूस तलावपाळीवरच पाणी शोधत बसतो. तिखटाचे प्रकार असतात. पहिल्यांदा येणाऱ्याने मध्यमच सांगावी, नेहमी कोल्हापुरी खाणाऱ्यानेही. तर्री जपून घ्या, ताक सोबत मागवा. टेबल भरलेलं असेल तर अनोळखी माणसांशेजारी बसायची तयारी ठेवा आणि खाऊन झालं की उठा, मागे माणसं उभी असतात.

तिखट नको असेल तर नौपाड्यात विष्णूनगरला गजानन वडापाव आहे, बेसनाच्या पिवळ्या चटणीसाठी प्रसिद्ध. स्टेशनजवळचा कुंजविहारचा वडापाव आकाराने मोठा, एकाला एक पुरतो. तिन्ही एकाच दिवशी खाण्याचा हट्ट धरू नका.

इथवर साधारण चार किलोमीटर चालणं होतं. थांबत थांबत साडेतीन तास. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर तलावपाळीनंतर रिक्षाने कोर्ट नाक्याला जा. मीटर पडतो की नाही ते बघून बसा.

दुपार: नौपाडा

दुपारची वेळ सावलीत काढावी. नौपाड्यात जुन्या ठाण्याच्या मध्यमवर्गाची घरं होती. बैठी घरं आणि दोन मजली चाळी आता जवळपास संपल्या. घंटाळी देवीचं देऊळ, गल्ल्यांतली मोठी झाडं आणि अधूनमधून एखादा लाकडी कठड्यांचा वाडा अजून आहे. मुख्य गोखले रस्ता सोडून आतल्या गल्ल्यांतून चाललात तरच हे दिसतं. गोखले रस्ता आणि राम मारुती रस्ता साड्या, कपडे, फराळाचे जिन्नस यांसाठी. संध्याकाळी सहानंतर तिथे पाय ठेवणं कठीण, तेव्हा घ्यायचं ते दुपारीच घ्या.

वाचणाऱ्या माणसाने मराठी ग्रंथसंग्रहालयाला भेट द्यावीच. १८९३ साली वि. ल. भावे यांनी ते स्थापन केलं. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे तेच भावे. इंग्रजी पुस्तकांनी भरलेल्या वाचनालयांच्या काळात फक्त मराठी पुस्तकं जमवायची हा विचार तेव्हा धाडसाचा होता. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यात १९६०, १९८८ आणि २०१० असं तीनदा भरलं, त्यामागे अशा संस्थांनी तयार केलेला वाचक आहे. जुना संदर्भ पाहायचा असेल तर ग्रंथपालांना विषय नेमका सांगा. 'ठाण्यावर काही आहे का?' या प्रश्नावर फारसं हाती लागत नाही. 'ठाणे किल्ला, मराठे-पोर्तुगीज' असं सांगितलंत तर पुस्तक मिळतं. ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर मिळालं तर गावाचं वर्णन असलेला भाग वाचून काढा आणि दुसऱ्या दिवशी तीच वाट पुन्हा चाला.

संध्याकाळ

गडकरी रंगायतन १९७८ मध्ये उभं राहिलं. नाटक पाहायचं असेल तर शनिवार-रविवारच्या जाहिराती वर्तमानपत्रात बघा. तिकीट खिडकी सकाळी आणि संध्याकाळी उघडते, दुपारी बंद असते. दुपारी जाऊन परत आलेले पुष्कळ. नावाजलेल्या नाटकाच्या पुढच्या रांगा आधीच जातात. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहही ठाण्यातच आहे, पण ते मानपाड्याकडे. तिकिटावर नाट्यगृहाचं नाव वाचून मगच निघा, दोन्हींमध्ये वाहतुकीचा अर्धा-पाऊण तास आहे.

नाटक नसेल तर महापालिका मुख्यालयासमोरच्या कचराळी तलावावर जा. नावावर जाऊ नका, भोवती चालायची वाट आहे, झाडं आहेत आणि पाचपाखाडीतली आजी-आजोबा मंडळी रोजच्या जागी बसलेली असतात. जानेवारीत आलात तर नौपाड्यात रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला चालू आहे का ते विचारा. खुर्च्या लवकर भरतात.

आणखी एक दिवस असेल तर

खाडी बघायला पूर्वेला उतरा. चेंदणी कोळीवाडा, पुढे मीठबंदर. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्याची मिरवणूक पाहण्यासारखी. कोपरीत सिंधी समाजाची वस्ती आहे, फाळणीनंतर आलेल्यांची. तिथलाच बारा बंगला म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांच्या निवासांचा भाग, झाडीने झाकलेला. फ्लेमिंगो पाहायचे असतील तर खाडीपलीकडे ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जावं लागतं. पक्षी साधारण नोव्हेंबर ते मे. बोट भरतीच्या वेळेप्रमाणे सुटते, म्हणून वेळ आधी ठरवून नोंदणी केल्याशिवाय जाऊ नका. ओहोटीला समोर नुसता चिखल असतो. पक्ष्यांना तोच हवा असतो, बोट मात्र त्यात चालत नाही.

येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. पायथ्याशी उपवन तलाव, वर वारली पाडे. पहाटे जाऊन दहापर्यंत परत या. वनखात्याच्या फाटकापलीकडच्या वाटांवर परवानगीशिवाय जायचं नाही. बिबट्यांचा वावर आहे. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी असते आणि ती मोडणाऱ्यांच्या बातम्या दर वर्षी येतात.

आमचा कौल मात्र अंबरनाथला. शिलाहारांनी काय दर्जाचं बांधलं होतं हे ठाण्यात दिसत नाही, ते तिथे दिसतं. वालधुनी नदीकाठचं शिवमंदिर, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चं, मुम्मुणी राजाच्या काळातलं. ठाण्याहून अंबरनाथ, बदलापूर किंवा कर्जत लोकल घ्या. खोपोली लोकलही चालते, पण कसारा किंवा आसनगाव लोकल चुकूनही नको, ती कल्याणहून वेगळ्या मार्गाने जाते. पाऊण तासाच्या आत पोहोचता. पूर्वेला उतरा, तिथून देऊळ रिक्षाने दहा मिनिटांवर. दुपारी दोननंतर जा, तिरप्या उन्हात भिंतींवरची शिल्पं उठून दिसतात. आधी बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा करा आणि मगच गाभाऱ्यात उतरा. पायऱ्या खाली जातात आणि पावसाळ्यात निसरड्या असतात. परतताना साडेपाचच्या आत गाडी पकडलीत तर बसायला जागा मिळते, त्या वेळी गर्दीचा लोंढा उलट्या दिशेने असतो.